परतीचा फेरा

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत माझी शेड,
बाहेर सेव-उसळची गाडी, आत लेथ.
वडील गेले तेव्हा त्यावर अर्धवट कातलेला शाफ्ट होता.
तो पुरा करायला म्हणून उभी राहिले,
ती अजून उभीच आहे.

खानविलकर सकाळी यायचे, टिपणीस दिवेलागणीला.
दोघे एका वेळी आले असं तीनदाच झालं,
तिन्ही वेळा एकजण बाहेर उसळ खात थांबला.

खानविलकरांचे आजोबा घोड्यांचे दात बघून वय सांगत.
नातवानं पादऱ्याकडची जमीन विकून
भंगारातलं विमानाचं एंजिन आणलं.
टिपणिसांनी रिफायनरीत तीस वर्षं कॉम्प्रेसरची नाडी पाहिली
आणि फंडाचा पैसा एका नळकांड्यात घातला,
ज्यात बसायचं नसतं, उताणं निजायचं असतं,
नाकावर चार बोटांवर पत्रा.

"त्याचं काय चाललंय?"
दोघेही विचारायचे, मायक्रोमीटरकडे बघत.
मी म्हणायचे, चहा घ्या.

टिपणीस एकदा म्हणाले, "बेन, शत्रू हवा आहे."
वेग दुप्पट केला की ती चौपट आडवी येते,
आणि तिला बाजूला सारायला ताकद लागते आठपट.
म्हणून नाक निमुळतं, म्हणून रिव्हेटची डोकी घासलेली,
म्हणून रबर नाही, भरीव ॲल्युमिनियमची चाकं.
मी मान डोलावली.
पण ते वाक्य मला दोन्ही अर्थांनी ऐकू आलं.

गेल्या साली खानविलकरांचा आकडा तीनशे एकतीस.
या जानेवारीत टिपणीस.
रात्रभर ट्रक, मग रण,
पांढरं, सपाट, जिभेला लावलं तर खारट, डोळ्याला लावलं तर आंधळं.
नियम असा, की गेलेला एका तासात त्याच मैलावरून परत यायला हवा;
वाऱ्यानं दिलेलं वाऱ्याला फेडायचं,
मग दोन्ही वेळांची सरासरी.

जाताना तीनशे चाळीस.
आवाज नंतर आला.
आणि उजव्या पुढच्या चाकातून बारीक धूर.
बेअरिंग निळं पडलेलं, हबमध्ये रुतून बसलेलं.
एक्केचाळीस मिनिटं उरली होती,
फंड कधीच संपला होता, सुटा हब नव्हता.

खानविलकरांचा तंबू दोन किलोमीटरवर.
दुर्बीण गळ्यात घालून ते जीपनं आले,
बघितलं, काही बोलले नाहीत.
तेव्हा मी तोंड उघडलं, बावीस वर्षांत पहिल्यांदा:
"तुमचा बसेल.
दोन्हींची भोकं एकाच जिगवरची आहेत."

दोघांनी माझ्याकडे असं बघितलं
जसं दोन घरांनी एकाच सोनाराकडे बघावं.
काय सांगणार?
दुसरी जिग करायला वेळ नव्हता,
आणि खरं तर दोघांनी आणलेली मापं
केसाच्या फरकानं तीच होती.

खानविलकरांनी स्वतःच्या गाडीखाली शिरून
स्वतःचा हब काढला,
शिव्या देत, गुजरातीतून, मराठीतून, घोड्यांच्या भाषेतून.
पाना मीच धरला होता.
नऊ मिनिटं राखून टिपणीस निघाले,
वारा समोरून.

तीनशे अठरा.
सरासरी तीनशे अठ्ठावीस आणि वर काही दशांश.

"माझ्या हबवर हरलास," खानविलकर म्हणाले.
"तुझ्या हबमुळेच हरलो," टिपणीस.
परतीच्या ट्रकमध्ये एक पुढे बसला, एक मागे,
मधे मी, मांडीवर
गुजराती पेपरात गुंडाळलेला तो हब,
अजून कोमट, कडांना मीठ.

दोघांपैकी कुणीही तो न्यायला आलेलं नाही.
एक सकाळी येतो, एक दिवेलागणीला,
नवी ड्रॉइंग्ज आणतात,
हबची जागा दोघांनी बदलून आणली आहे,
एकानं अर्धा मिलीमीटर डावीकडे, दुसऱ्यानं उजवीकडे.

जिग खिळ्याला टांगलेली आहे.
तिच्यात मी अजून
नवी भोकं पाडलेली नाहीत.